चामडे, कातडे आणि चर्म : शब्दांचे अर्थ व जुने वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘कातडे’ आणि ‘चामडे’ हे दोन शब्द एकाच वस्तूसाठी आहेत का?

बोलताना अनेकदा एकाच्या जागी दुसरा चालून जातो. परंतु काळजीपूर्वक लिहायचे असेल, तर भेद पाळावा. जनावराच्या अंगावरून उतरवलेले, अजून कोणतीही प्रक्रिया न झालेले असते ते कातडे. आणि तेच चुना, साली व तेल यांच्या संस्कारांतून गेल्यावर जे टिकाऊ, लवचीक आणि न कुजणारे द्रव्य हाती येते ते चामडे. कातडे निसर्गाचे, चामडे माणसाने केलेले, असे म्हटले तरी चालेल. कारागिराच्या दृष्टीने हा भेद फार मोठा आहे, कारण ओले कातडे उघडे ठेवल्यास उष्ण हवेत एक-दोन दिवसांतच सडू लागते, तर चांगल्या कमावलेल्या चामड्याला शतकांचे आयुष्य असू शकते. आर्मेनियातील अरेनी गुहेत २००८ मध्ये सापडलेला चामडी जोडा सुमारे ५५०० वर्षांपूर्वीचा आहे. अर्थात त्या गुहेतील कोरड्या हवेचाही त्यात वाटा आहे.

स्त्रीलिंगी रूपांची गोष्ट वेगळी आहे. ‘कातडी’ जिवंत शरीरावरची, बहुधा माणसाची. ‘चामडी’ही तीच, पण तिच्यात धाक किंवा तुच्छता मिसळलेली असते. उन्हाने ‘कातडी’ सोलवटते, ‘चामडी’ मात्र कोणीतरी लोळवतो.

हे शब्द मराठीत कोठून आले?

‘चामडे’ हा शब्द संस्कृत ‘चर्मन्’, प्राकृत ‘चम्म’, मराठी ‘चाम’ अशा वाटेने आला असून पुढे त्याला ‘डे’ हा प्रत्यय लागला. फारसीतही ‘चर्म’ हाच शब्द चामड्यासाठी आहे. हे उसने घेणे नव्हे. दोन्ही भाषांनी तो आपल्या समाईक पूर्वजाकडून घेतला आहे. ‘चर्मकार’ शब्दाचे ‘चांभार’ झाले, त्यातील शेवटच्या भागाची घडण ‘कुंभकार’चे ‘कुंभार’ आणि ‘लोहकार’चे ‘लोहार’ होण्यासारखीच आहे.

‘कातडे’ मात्र दुसऱ्या घराण्यातले आहे. संस्कृत ‘कृत्ति’ म्हणजे सोलून काढलेली त्वचा, आणि गजासुराचे कातडे पांघरणाऱ्या शंकराला म्हणूनच ‘कृत्तिवास’ म्हणतात. या शब्दामागचा धातू ‘कृत्’, म्हणजे कापणे. सापाची ‘कात’ आणि जनावराचे ‘कातडे’ ही दोन्ही त्या ‘कृत्ति’चीच लेकरे. व्युत्पत्ती पाहिली की वर सांगितलेला भेद अधिक पटतो, कारण ‘कातडे’ या शब्दाच्या पोटात मुळातच कापण्या-सोलण्याची क्रिया बसलेली आहे.

वैदिक भाषेत आणखी एक गंमत आहे. ‘गो’ हा शब्द तेथे गायीसाठी येतोच, शिवाय गायीचे कातडे, त्याची वादी (म्हणजे अरुंद पट्टी) आणि धनुष्याची दोरी यांच्यासाठीही तोच येतो. वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काने आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात या वापरांची मुद्दाम चर्चा केली आहे. ज्या समाजात जनावर आणि त्यापासून मिळणारी वस्तू दोन्ही रोज हाताळली जात होती, तेथे वस्तूला जनावराचेच नाव पुरत असे.

चामडे ‘कमावतात’ म्हणजे काय करतात? पैसे कमावण्याशी त्याचा संबंध आहे का?

आहे. दोन्हींच्या मुळाशी ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’, म्हणजे काम आहे. श्रम करून पैसा मिळवणे ते कमावणे, आणि श्रम करून कच्च्या वस्तूला कसदार बनवणे तेही कमावणे. तालमीत घडवलेल्या शरीराला ‘कमावलेले शरीर’ आणि गवयाच्या आवाजाला ‘कमावलेला आवाज’ म्हणतात तो याच दुसऱ्या अर्थाने.

प्रत्यक्ष काम असे चाले. कातडे प्रथम धुऊन चुन्याच्या निवळीत भिजत ठेवीत, म्हणजे केसांची मुळे सैल होत. मग केस व आतील बाजूचे मांस तासून काढीत, चुना धुऊन टाकीत आणि नंतर बाभळीची साल, तरवडाची साल किंवा हिरडा यांच्या काढ्यात ते कित्येक आठवडे मुरवीत. कातड्याला पिशवीसारखे शिवून, त्यात साल व पाणी भरून ते टांगून ठेवण्याचीही पद्धत होती. पाणी हळूहळू झिरपे आणि आतील कस कातड्यात उतरे. या सालींत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. कच्ची सुपारी चघळल्यावर तोंड आक्रसते ते त्याच्याचमुळे. टॅनिन कातड्यातील कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंना एकमेकांशी घट्ट जखडते, त्यामुळे सूक्ष्मजंतूंना ते तंतू खाता येत नाहीत आणि वाळल्यावर कातडे फळीसारखे ताठ होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कामात मोठा पालट झाला. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. क्रोमने कमावलेले ओले चामडे फिकट निळे दिसते, म्हणून या धंद्यात त्याला ‘वेट ब्लू’ म्हणतात. सालीने कमावलेले चामडे तांबूस-तपकिरी असते आणि वापराने अधिक गडद होत जाते. जुन्या मराठी लेखनात ‘कमावलेले कातडे’ असे येते, तेव्हा ते सालीनेच कमावलेले आहे असे समजावे.

याच संदर्भात एक विसरला गेलेला शब्द सांगावासा वाटतो, तो म्हणजे ‘अधोडी’. मोठ्या जनावराचे कातडे कमावून उभे दोन भाग केल्यावर त्यातील अर्ध्याला हे नाव आहे. मापाचा शब्दच वस्तूचे नाव होऊन बसला.

‘अजिन’ आणि ‘चर्म’ यांत काय फरक?

‘अजिन’ हे केसांसह राखलेले कातडे, बहुधा हरणाचे; शब्दाचा संबंध ‘अज’ म्हणजे बोकड याच्याशी जोडतात. मृगाजिन, काळविटाचे ते कृष्णाजिन आणि वाघाचे ते व्याघ्राजिन. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील अकराव्या श्लोकात ध्यानाच्या आसनासाठी वस्त्र, अजिन आणि दर्भ यांचा एकत्र उल्लेख आहे. आज काळवीट आणि वाघ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे अशा कातड्यांचा व्यापार हा गुन्हा आहे.

‘चर्मपत्र’ हे चामडे मानावे का?

नाही. चर्मपत्रासाठी वासरू, मेंढी किंवा बकरी यांचे कातडे चुन्यात भिजवून, केस काढून, चौकटीवर ताणून वाळवतात आणि खरवडून गुळगुळीत करतात. ते कमावले जात नाही. पश्चिम आशियातील पर्गामॉन या प्राचीन नगरावरून युरोपीय भाषांतील त्याची नावे आली आहेत. आपल्याकडे लेखनासाठी ताडपत्र, भूर्जपत्र आणि पुढे कागद वापरात असल्यामुळे चर्मपत्राची परंपरा रुजली नाही. म्हणून भाषांतर करताना ‘चामड्यावर लिहिलेला ग्रंथ’ असे म्हणण्यापेक्षा ‘चर्मपत्रावर लिहिलेला ग्रंथ’ असेच म्हणावे.

विहिरीवरची मोट म्हणजे काय, आणि ‘सर्वांची मोट बांधणे’ यातील मोट तीच का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि उत्तरात दोन वेगळ्या मोटा आहेत.

पहिली मोट चामड्याची. बैलांच्या साहाय्याने विहिरीतून पाणी काढण्याची ही मोठी पिशवी; वर रुंद तोंड, ते उघडे राहावे म्हणून त्याला लोखंडी कडे, आणि खाली हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती, दोन्ही टोकांना उघडी नळी. तिला ‘सोंड’ असेच म्हणत. तोंडाला जाड दोर बांधलेला असे तो ‘नाडा’ आणि सोंडेच्या टोकाला बारीक दोरी असे ती ‘सोंदूर’. मोटेतली खरी हुशारी या दोन दोरांत आहे. मोट वर येत असताना सोंदूर सोंडेचे टोक वर उचलून धरते, त्यामुळे तळ उघडा असूनही पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की तोंड उंचावरील चाकाकडे वर जात राहते, सोंड मात्र खालच्या रहाटावरून बाहेर खेचली जाते आणि सगळे पाणी ‘थारोळ्यात’, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या खोलगट जागेत, ओतले जाऊन पाटाला लागते. बैल उतरत्या ‘धावे’वरून पुढे जाताना आपल्या वजनासह ओढत आणि मोट पुन्हा विहिरीत सोडण्यासाठी त्याच धावेवरून पाठमोरे मागे सरत. मोट रिकामी करायला वेगळा माणूस लागत नसे. संत सावता माळी यांच्या प्रसिद्ध अभंगात मोट, नाडा, विहीर आणि दोरी ही चारही नावे एकाच चरणात येतात. पुढे चामड्याच्या जागी लोखंडी पत्र्याच्या मोटा आल्या, नंतर इंजिने आणि विजेचे पंप आले, आणि सोंदूर, थारोळे हे शब्द निराधार झाले. ‘रक्ताच्या थारोळ्यात पडला’ या बातमीतल्या वाक्यात थारोळे अजून जिवंत आहे, पण ते वाचताना विहिरीची आठवण कोणाला होत नाही.

दुसरी मोट म्हणजे गाठोडे. ‘मोट बांधणे’ म्हणजे निरनिराळ्या वस्तू एका कापडात गोळा करून बांधणे, आणि ‘विरोधी पक्षांची मोट बांधली’ या प्रयोगात हाच अर्थ आहे. या वाक्प्रचाराशेजारी विहिरीवरच्या मोटेचे चित्र छापलेले पाहण्यात आले आहे. चित्र सुंदर असले तरी ते चुकीचे आहे. ‘मोटकुळी’ आठवली तर गोंधळ होणार नाही, कारण मोटकुळी लाकडांची असते, पाण्याची नव्हे.

पखाल, मशक आणि बुधला यांत फरक कोणता?

पखाल ही मोठी, बैलाच्या किंवा रेड्याच्या पाठीवर लादून पाणी नेण्याची चामडी पिशवी. मशक त्याहून लहान, बकऱ्याच्या अखंड कातड्याची, माणसाने खांद्यावरून वाहायची. मशकेने पाणी घालणारा तो भिश्ती, आणि हे नाव स्वर्ग या अर्थाच्या फारसी ‘बिहिश्त’वरून आले आहे, तहानलेल्याला पाणी पाजणाऱ्याला स्वर्गीय मानण्याची ती रीत. बुधला मात्र पाण्याचा नव्हे, तेलातुपाचा. जुन्या काळी तो चामड्याचा असे. पुढे काचेच्या व चिनी मातीच्या भांड्यांनाही तेच नाव लागले आणि चामडे शब्दातून गळून पडले.

पखाल गेली तरी एक म्हण मागे राहिली : ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’. रेड्याच्या पाठीवर पखाल कायमची लादलेली असे, हे माहीत नसेल तर या म्हणीतला विनोद कळत नाही. रेडा आजारी आहे, आणि वैद्य त्याच्या पाठीवरच्या पिशवीवर उपचार करीत आहे! अलीकडे ‘औषध’ जाऊन ‘इंजेक्शन’ आले आहे. पखाल न पाहिलेल्या पिढीने म्हणीतला नेमका दुसरा शब्द बदलला आणि पखाल तशीच ठेवली, याची मौज वाटते.

लोहाराचा ‘भाता’ही याच कुळातला. संस्कृत ‘भस्त्रा’ म्हणजे चामड्याची पिशवी, विशेषतः फुंकण्याची. तिच्यावरून भाता आणि योगातील ‘भस्त्रिका’ प्राणायाम ही दोन्ही नावे आली.

‘कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही’ यातील पायपोस म्हणजे पायपुसणे का?

तसे असते तर ते कोणी पायात कशाला घातले असते? फारसी ‘पापोश’ म्हणजे पाय झाकणारे, अर्थात जोडा. मराठीत त्याचे ‘पायपोस’ झाले. मोठ्या बैठकीबाहेर जोड्यांचा ढीग पडलेला आहे आणि उठताना गोंधळात ज्याने त्याने हाताला लागेल तो जोडा पायात चढवला आहे, असे ते चित्र आहे. पुढे ‘पोस’ आणि ‘पुसणे’ यांच्या उच्चारातील साम्यामुळे दारातल्या पायपुसण्यालाही पायपोस म्हणू लागले. आज दोन्ही अर्थ रूढ आहेत, परंतु या वाक्प्रचारात पहिलाच घ्यावा.

‘वहाण’ संस्कृत ‘उपानह्’वरून आली. त्यातील ‘नह्’ या धातूचा अर्थ बांधणे, म्हणजे वहाण ही मुळात पायाला बांधण्याची वस्तू. कोल्हापुरी चपलेत हा जुना अर्थ अजून दिसतो : तिचा तळ, अंगठा, कान आणि पट्टा हे सगळे चामड्याचे, सालीने कमावलेले, आणि परंपरागत पद्धतीत खिळा न मारता चामड्याच्याच बारीक वादीने शिवलेले असतात. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील प्रत्येकी ४ जिल्ह्यांना मिळून आहे.

तबल्याच्या पुडीला चामडे म्हणावे की कातडे?

कातडे. पुडी बकऱ्याच्या न कमावलेल्या कातड्याची असते. कमावलेले चामडे मऊ आणि मुरलेले असल्यामुळे त्यातून टणत्कार निघत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग आहेत, त्यांपैकी ‘अवनद्ध’ म्हणजे कातड्याने मढवून बांधलेले. येथेही वहाणेतला तोच ‘नह्’ धातू आहे. पायातली वहाण आणि मैफलीतला तबला यांना व्याकरणाने एका घरात आणले, समाजाने मात्र कधी आणले नाही.

पुडी जवळून पाहावी. मध्ये काळी शाई, तिच्याभोवती मोकळे कातडे ती लव किंवा मैदान, आणि कडेला वरून बसवलेल्या दुसऱ्या कातड्याची कड ती चाट. परिघावर वेणीसारखा विणलेला गजरा असतो. त्यातील १६ घरांमधून वादी ओवून ती खाली नेतात, आणि वादीखाली सरकवलेल्या लाकडी गठ्ठ्यांनी ताण कमी-जास्त करतात. न कमावलेले कातडे हवेतील ओल शोषून सैल होते, म्हणून पावसाळ्यात तबला उतरतो.

‘चर्म’ म्हणजे ढाल, हा अर्थ खरा आहे का?

होय. संस्कृतात ‘असिचर्म’ किंवा ‘खड्गचर्म’ म्हणजे तलवार आणि ढाल. ढाली कातड्याच्या होत, आणि गेंड्याच्या कातड्याची ढाल विशेष मानली जाई. ‘गेंड्याची कातडी’ हा टोमणा त्या प्राण्यापेक्षा त्या ढालीकडे पाहून अधिक नीट समजतो. घोडदळाच्या काळात आणखी एक शब्द स्थिरावला, तो ‘जिनगर’ : फारसी ‘जीन’, म्हणजे खोगीर, बनवणारा.

चंबळ नदीच्या नावाचा चामड्याशी संबंध कसा?

चंबळेचे संस्कृत नाव चर्मण्वती, म्हणजे चर्मांनी युक्त. रंतिदेव राजाच्या यज्ञांतील पशूंच्या कातड्यांच्या राशीतून ही नदी निघाली, अशी कथा महाभारतात आहे.

‘चांभारचौकशा’ हा शब्द वापरावा का?

वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नको त्या चौकशांसाठी ‘नसत्या उठाठेवी’, ‘नसत्या चौकशा’ असे निर्दोष शब्द भाषेत आहेत. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, जोडे शिवणे आणि वाद्ये मढवणे ही कामे गावगाड्यात जातींवर वाटून दिलेली होती. त्या कामांतून सगळ्या गावाचे पाणी, शेती आणि संगीत चाले, आणि काम करणाऱ्यांच्या वाट्याला अस्पृश्यता येई. १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावरांशी जोडलेल्या लादलेल्या प्रथा सोडून देण्याचे आवाहन केले, त्यामागे हीच व्यवस्था होती. शब्दकोशांत असे शब्द व म्हणी नोंदवलेल्या असणे योग्यच आहे, कारण कोशाचे काम नोंदवण्याचे आहे. लिहिणाऱ्याला मात्र निवड असते. शासकीय आणि सामाजिक व्यवहारात आज ‘चर्मकार’ आणि ‘चर्मोद्योग’ हे शब्द रूढ आहेत.

‘चाम’, ‘कात’ यांसारखे दिसणारे सगळेच शब्द याच कुळातले आहेत का?

काही आहेत. ‘चामखीळ’ ही ‘चर्मकील’, म्हणजे कातडीवरचा खिळा. ‘चर्मचक्षू’ म्हणजे देहाचे डोळे, ज्ञानचक्षूंहून वेगळे. ‘कात्री’ ही ‘कर्तरी’ असल्यामुळे कापण्याच्या धातूच्या नात्याने कातड्याची दूरची बहीण ठरते. देवावर ढाळायचे ‘चामर’ मात्र चर्माचे नव्हे. ते ‘चमर’ म्हणजे याक या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे. विड्यातला ‘कात’ हा खैराच्या लाकडाचा काढा आटवून करतात, त्याचे मूळ ‘क्वाथ’ या शब्दात सांगतात आणि सापाच्या कातेशी त्याचे काही नाते नाही. तरी योगायोग असा की, या खैराच्या कातातही भरपूर टॅनिन असते आणि कातडी कमावण्यासाठी तो वापरला गेला आहे.

‘चर्मरोग’ लिहावे की ‘त्वचारोग’?

दोन्ही शुद्ध आहेत. दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘त्वचारोग’ अधिक दिसतो, आणि जिवंत माणसाच्या बाबतीत तोच बरा वाटतो.

रेक्झीनला चामडे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. रेक्झीन हे मुळात ब्रिटनमधील एका उत्पादनाचे व्यापारी नाव असून त्यात कापडावर रासायनिक लेप दिलेला असे. आपल्याकडे ते नाव चामड्यासारख्या दिसणाऱ्या कोणत्याही कापडाला लागले. ‘कृत्रिम चामडे’ हा शब्द समजायला सोपा आहे, पण ज्यात कातडेच नाही त्याला चामडे म्हणण्यात विसंगती राहतेच. वस्तू हातात असेल तर कापलेली कड पाहावी : खऱ्या चामड्याच्या कडेला आडवेतिडवे गुंतलेले तंतू दिसतात, आणि रेक्झीनच्या कडेला वर पातळ थर व खाली कापडाचे उभे-आडवे विणलेले धागे.